चहापेक्षा गुणकारी

डॉक्टर आगाशे यांनी नळी पुढे केली तेव्हा ईश्वरने आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणीतरी उभं असेल, त्याच्यासाठी ते हात लांबवत असतील, असं त्याला खरोखरच वाटलं. मागे नुसती भिंत होती आणि भिंतीवर गेल्या वर्षाचं, त्र्याऐंशी सालचं कॅलेंडर. जानेवारी अर्धा सरला तरी ते उतरवायची कोणाला घाई नव्हती. लखनौच्या त्या सरकारी संस्थेत झाडपाल्यावर संशोधन चाले. श्रीपाद आगाशे तिथले मोठे शास्त्रज्ञ, वर्षभर अर्जेंटिनात राहून नुकतेच परतलेले. आणि ईश्वर रजा, बढत्या, बदल्या यांच्या कागदांत गळ्यापर्यंत बुडालेला सेक्शन ऑफिसर. साऱ्या इमारतीत मराठी माणसं ही दोनच. तेवढ्यावर आगाशे त्याला अधूनमधून खोलीत बोलावत, आणि तो जाई, खुर्चीच्या कडेवर बसे, मराठीत चार वाक्यं बोलून जिभेचा गंज काढून परत येई. आज त्यांच्या मुठीत वाळक्या भोपळ्याचा एक छोटा तुंबा होता. त्यात हिरवट भुकटी गरम पाण्यात भिजत घातलेली, आणि तीत रोवलेली धातूची नळी. आगाशे स्वतः चार घोट ओढून मोकळे झाले होते, आणि तेच टोक आता ईश्वरकडे वळलं होतं.

“घ्या हो ईश्वरराव, बघताय काय नुसतं? याला माते म्हणतात. तिकडे आपल्या चहासारखं सकाळ-संध्याकाळ हेच. आणि सगळे एकाच नळीने पितात. मंत्री असो की मेकॅनिक.”

ईश्वरने ओढलं. जीभ भाजली. कडुनिंबाच्या काढ्यात कोणी विडी विझवावी तशी चव होती, पण तोंड वाकडं करायची त्याला हिंमत झाली नाही. घोट खाली उतरला आणि त्याच्या हाताने, त्याला न विचारताच, खिशातला रुमाल काढला, नळीचं टोक नीट पुसलं, पुन्हा एकदा पुसलं, आणि मग दोन्ही हातांनी तुंबा आगाशे यांच्यापुढे धरला. आगाशे खो खो हसले. “पुसलंत? अहो, तिकडे असं कोणी केलं तर देणाऱ्याचं तोंडच उतरतं. त्याला वाटतं, याला आपली किळस आली!” ईश्वर म्हणाला, “नाही नाही साहेब, तसं नाही.” मग कसं, ते मात्र त्याला सांगता येईना. आगाशे यांना ते ऐकायचंही नव्हतं. त्यांनी नळी तोंडात धरली आणि खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत ते आरामात पीत राहिले.

किळस. हा शब्द ईश्वरच्या कपाळाला खडा लागावा तसा लागला होता. आपल्यालाही कोणाची किळस येऊ शकते, असं एका माणसाने, तेही आगाशे आडनावाच्या माणसाने, क्षणभर का होईना गृहीत धरलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांत असं कोणी धरलं नव्हतं. त्याला एकदम हसू येऊ लागलं, आणि ते लपवायला त्याने खोकल्याचं निमित्त केलं. यवतमाळला असताना, शाळेत पहिला नंबर आला म्हणून गुरुजींनी त्याला घरी बोलावलं होतं. गुरुजी भले, गुरुजींची बायकोही भली. तिने त्याला ओट्यावर बसवून चहा दिला होता, कान तुटलेल्या कपात, आणि तो कप कोनाड्यातून काढला होता, फडताळातून नव्हे. चहा गोड होता. आलं घातलेला होता. पिऊन झाल्यावर त्याने तो अंगणात राखेने घासला, विसळला, आणि कोनाड्यात पालथा घातला. कोणी सांगितलं नव्हतं. गुरुजींची बायको कौतुकाने म्हणाली होती, किती वळण आहे पोराला. ते वळण बोटांत इतकं मुरलं की पुढे बाबासाहेबांच्या मागून सारी वस्ती बुद्धाला शरण गेली, देव गेले, उंबरठे बदलले, ईश्वर नाव तेवढं कागदोपत्री राहून गेलं आणि त्यावरून मित्रांच्या चेष्टेला विषय झाला, पण बोटं तशीच राहिली. दुसऱ्याला वस्तू परत देण्याआधी आपलं तोंड तिच्यावरून पुसून काढायचं, हे बोटांना पाठ होतं. किळस आपली आपल्यालाच होती, साहेब, असं म्हणायला हवं होतं. पण असं कोणी ऑफिसात म्हणत नाही.

तो म्हणाला ते भलतंच. “साहेब, हे प्रकृतीला कसं? चहापेक्षा बरं का?” आगाशे यांच्या आवडीचा विषय निघाला. त्यांनी सांगितलं की तरतरी चहासारखीच येते, पण तिकडचे गुराखी दिवसचे दिवस मांसावर काढतात, भाजीचं पान खात नाहीत, आणि या पाल्यावर तग धरून राहतात, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. खनिजं आहेत, थोडी जीवनसत्त्वं आहेत, पोट साफ राहतं. आपला चहाही काही वाईट नाही. पण आपण त्याला उकळून उकळून काळा करतो, साखर ओततो, आणि जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोह तो अंगी लागू देत नाही. ईश्वर कान देऊन ऐकत होता. लोह हा शब्द ऐकला आणि त्याने धीर केला. “मिसेस फार वाळल्यात, साहेब. चहा सहा-सात वेळा होतो. जेवण असं नाहीच. चहा सोडवून हे सुरू केलं तर वजन धरतील का?” आगाशे यांनी नळी तोंडातून काढली. “वजन? अहो, भूक दोन्हींनी मरते. आणि लोहाच्या बाबतीत हेही चहाचंच भावंड. शिवाय तिकडचे डॉक्टर म्हणतात, फार कढत प्यायची सवय घशाला वाईट. वजन वाढवायचं तर दूध पाजा, अंडी घाला, आणि आधी कोणाला तरी दाखवा.” मग ईश्वरचा चेहरा पाहून त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी कपाटातून एक पुडा काढला, जास्तीचा तुंबा आणि नळी काढली, आणि म्हणाले, “वहिनींना गंमत म्हणून दाखवा. माणसाला नवीन काही मिळालं की तेवढाच उत्साह येतो.”

हजरतगंजला ईश्वर टेम्पोत, म्हणजे तिकडच्या माणसं कोंबून नेणाऱ्या तीनचाकीत, बसला तेव्हा चार वाजले असतील, पण उजेड संध्याकाळचा होता. धुकं दिवसभर उठलंच नव्हतं. मांडीवर पिशवी, पिशवीत तुंबा, आणि दोन्ही बाजूंनी शालीत गुरफटलेली माणसं. ईश्वरच्या मनात आगाशे यांनी सांगितलेले गुण फिरत होते, आणि दोष मात्र सोयीस्करपणे मागे पडत होते. माणसाला आशा धरायची असली की तो ऐकतो अर्धंच. द्रौपदी वाळली होती, हे खरं. दिवाळीपासून ब्लाउज खांद्यावरून उतरू लागले होते. तो म्हणायचा, अगं, खात जा. ती म्हणायची, खाते ना. आणि चहा टाकायची. चहाने भागवायची सवय तिला लहानपणापासूनची. घरात भाकरी कमी असली की तिची आई पोरांना गुळाचा काळा चहा द्यायची, म्हणजे तासभर पोट गप्प बसतं. म्हणजे दोष चहाचा, असं ईश्वरने ठरवून टाकलं होतं. चहाचा दोष असला की बरं असतं. तो सोडवता येतो.

लखनौला तो पहिल्यांदा उतरला तो अडुसष्ट साली, चारबागला, आणि स्टेशनाबाहेर त्याने कुल्हडमध्ये चहा घेतला. मातीचा कोरा प्याला, कोणाच्याही ओठाला न लागलेला; प्यायचा आणि फोडून टाकायचा. मागून सुतार आला, वकील आला, त्यांनीही तसाच पिऊन तसाच फोडला. त्या ढिगात ईश्वरचा कुल्हड कोणता, हे कोणालाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी त्याने लागोपाठ तीन चहा घेतले होते, आणि द्रौपदीला पत्रात लिहिलं होतं की गाव चांगलं आहे, ये. ती आली, कडेवर मायाला घेऊन. फैजाबाद रोडवर, चिनहटच्या बाजूला सरकारी क्वार्टर मिळालं. ती लखनवी हिंदी शिकली, पण मराठी अनुस्वार लावून, आणि शेजारणी तिच्याकडे हसत हसत चहाला येऊ लागल्या. त्या तिच्या हातचा चहा घेत, तिच्याच कपांत घेत. सुरुवातीला तर त्या गेल्यावर द्रौपदी कप लगेच विसळायची नाही. ते तसेच थोडा वेळ मांडून ठेवायची. ईश्वरने एकदा पाहिलं होतं. त्याला ते फार आवडलं होतं.

टेम्पो निशातगंजच्या पुलावर अडला. पुढे एक बैलगाडी आडवी झाली होती आणि सगळे शिव्या देत होते, लखनौच्या पद्धतीने, आप-आप करून. आणि तिथे, त्या थांबलेल्या टेम्पोत, ईश्वरला घरातला निळा कप दिसला. काही कारण नव्हतं. तो कप तो रोज बघत होता. स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी होती, त्यात सगळे कप ओळीने टांगलेले, आणि निळा कप खिडकीच्या चौकटीत, एकटा. तो द्रौपदीचा. ताटलीही तिथेच, पेलाही तिथेच. आठ वर्षं. शहात्तर साली तिला क्षय झाला तेव्हा डॉक्टरांनी भांडी वेगळी करा म्हटलं, म्हणून केली. मागच्या अंगणाकडची खोली, जिच्यात कांदे-बटाटे असत, ती रिकामी करून तिथे तिची बाज टाकली. नऊ वर्षांच्या मायाला यवतमाळला मावशीकडे धाडलं. रोज एक इंजेक्शन, मूठभर गोळ्या. ईश्वर दारात उभा राहून विचारायचा, कसं वाटतं? ती म्हणायची, बरं वाटतं, तुम्ही आत येऊ नका. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता हिच्यापासून कोणाला काही होणार नाही, पुन्हा एकत्र राहा, एकत्र खा. ईश्वरने घरी येऊन ते जसंच्या तसं तिला सांगितलं होतं. यात त्याची काही चूक नव्हती. ती म्हणाली, राहू द्या जी, सवय झाली, पोरगी यायची आहे. आणि तो म्हणाला, बरं.

त्या ‘बरं’मध्ये काय होतं, ते त्याला आत्ता कळत होतं. सुटका होती. त्याच्या छातीवरून हलकेच काहीतरी उतरलं होतं, आणि तो जेवायला बसला होता. पुढे औषधं संपली, माया दीड वर्षांनी परत आली. ती आईजवळ बसेना, लांबूनच बघायची. द्रौपदी मागच्या खोलीतून पुढे आली, तिथे पुन्हा कांदे-बटाटे गेले, पण कप खिडकीतून मांडणीत आला नाही. तो आणायचं काम कोणाचं होतं? ती कशी आणणार? गुरुजींच्या कोनाड्यातला कप ईश्वरने स्वतः उचलून फडताळात ठेवला असता का? पुलावरची बैलगाडी हलली, टेम्पोने धूर सोडला, आणि ईश्वरने समोरच्या दांड्यावर कपाळ टेकलं. शेजारच्याने विचारलं, “भाईसाहब, तबियत तो ठीक है?” तो म्हणाला, “जी, बिलकुल.” इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरांतले कोनाडे मोजत बसलो, आणि आपल्या खिडकीत काय ठेवलंय ते पाहिलं नाही, असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटली. तीही पुरेशी वाटली नाही. मग त्याने पिशवी घट्ट धरली आणि ठरवलं की आज एकाच नळीने प्यायचं. आधी तो, मग ती, मग पुन्हा तो. गुण असोत नसोत.

घरी माया कोटावर कोट चढवून पुस्तकात डोकं घालून बसली होती. मार्चमध्ये तिची बारावीची परीक्षा. तिने पुड्यात नाक घातलं आणि मागे खेचलं. “पापा, ये तो घास है। ये पियेंगे आप लोग?” द्रौपदीने भुकटी तळहातावर घेऊन पाहिली. “पालाच आहे जी. आलं-दूध घालून उकळू का?” ईश्वर म्हणाला, नको, असं नसतं करायचं, नुसतं गरम पाणी. द्रौपदीला पाणी नुसतं गरम करून पाहुण्यालाही देववलं नसतं. तिने त्याची नजर चुकवून आल्याचा तुकडा ठेचलाच. माया हसत हसत वही घेऊन वरच्या मजल्यावर मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. “मम्मी, मेरे लिए सीधी-सादी चाय रखना,” ती जिन्यावरून ओरडली. घरात दोघंच उरली. ईश्वरला आज उगाचच लग्नातल्यासारखं अवघडायला झालं. त्याने तुंब्यात भुकटी घातली, पाणी ओतलं, आगाशे यांनी सांगितलेलं सगळं तो बडबडत राहिला, की यात खनिजं आहेत, यावर गुराखी राहतात, पोट साफ होतं, चहाने लोह जातं, तुझं अंग यानेच भरेल. जे खोटं होतं तेही त्याने सांगितलं. द्रौपदी पदराने हात पुसत ऐकत होती. तिच्या गालांची हाडं वर आली होती आणि गालांवर लाली होती. थंडीने असेल, असं तो गेले कित्येक दिवस म्हणत होता.

त्याने दोन घोट ओढले आणि नळी तिच्याकडे वळवली. “घे.”

“तुम्ही प्या. मले कपात द्या.”

“कपात नाही. असंच पितात. घे ना.”

“नको म्हणते ना जी.”

“का नको? मला तुझं उष्टं चालतं. आठ वर्षं मी गाढवासारखा…” त्याने तिचा हात धरला, तुंबा तिच्या तोंडाशी नेला. हे प्रेमाने चाललं आहे असं त्याला वाटत होतं, पण आवाज चढला होता. “तो कप मी आज फोडून टाकणार आहे. तू माझ्या घरात वेगळी नाहीस. ऐकतेस का? पी!”

द्रौपदीने तोंड फिरवलं. हिसका इतका जोराचा होता की गरम पाणी त्याच्या मनगटावर सांडलं. आणि मग तिला खोकला आला. तो दाबायला तिने पदराचा बोळा तोंडात धरला, वाकली, मागच्या अंगणात धावली, आणि तिथे नळाशी बसून खोकत राहिली. ईश्वर दारात उभा राहिला. हा खोकला त्याला ओळखीचा होता. जवळ जाऊन त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. साडीतून पाठीचा कणा हाताला लागला, आणि अंग गरम लागलं. तिने नळ सोडला, पण सगळं वाहून जायच्या आत त्याने पाहिलं.

“केव्हापासून?”

“नवं वर्ष लागलं तेव्हा रक्त दिसलं. खोकला दिवाळीपासूनचा.” ती चूळ भरत होती. “म्हणून तुमच्या त्या नळीला तोंड नाही लावलं. तुम्हाला काही झालं तर घर कोण बघंल?”

“आणि सांगितलं नाहीस? अगं, वेड लागलंय का तुला? औषध आहे ना त्याला! एकदा बरी झालीस ना?”

तिने नळ बंद केला. शेजारच्या घरात कोणीतरी भाजीला फोडणी दिली, त्याचा वास भिंतीवरून आला. मग ती बोलली, त्याच्याकडे न बघता, तक्रारीच्या सुरात नव्हे, घरातलं काही सामान संपलं आहे हे सांगावं तशी. “बरी झाली, पण एकटीनं झाली. भिंतीकडे तोंड करून. तुम्ही दारात यायचे, मी म्हणायची आत येऊ नका. आणि तुम्ही नाही यायचे. एकदा तरी यायचं होतं जी. मी म्हणत होते म्हणून काय झालं?” ती थांबली. “पोरगी परत आली तर मले ओळखेना. यंदा वाटलं, तिची परीक्षा होऊ द्यावी. तिच्यापासून लांबच बसते मी. चहा पिला की ताप उतरल्यासारखा वाटतो. तेवढे दोन महिने निघतील. मग सांगू.”

ईश्वरच्या डोक्यात दुधाचे, अंड्यांचे, पाल्याचे सगळे गुणदोष एकदम विझून गेले. आपण हिला काय पाजायला निघालो होतो. वाळण्याचं नाव चहा ठेवलं, तापाचं नाव थंडी ठेवलं, आणि पिशवी सांभाळत टेम्पोतून घरी आलो. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. “उद्या सकाळी दवाखान्यात जायचं,” तो म्हणाला. “सकाळीच. मी रजा टाकतो. कितीही रांग असो.” तिने मान हलवली. तिला उभं राहताना आधार लागला. त्याने तो दिला. तिचा हात हलका होता, आणि त्या क्षणी त्याला ती इतकी हवीशी वाटली, इतकी जुनी आणि आपली वाटली, की त्यासाठी काहीही करायची त्याची तयारी होती.

“एक विचारू?” ती म्हणाली. “मले मागच्या खोलीत तर नाही ना ठेवणार?”

नाही, हेच उत्तर होतं. ते त्याच्या तोंडात तयार होतं. पण त्याच वेळी वरच्या मजल्यावरून मायाचं हसणं ऐकू आलं, आणि त्याला तिची परीक्षा दिसली, तिचे कोवळे खांदे दिसले, एकच खोली दिसली जिच्यात तिघं झोपत होती. मग आपलं मनगट दिसलं, सांडलेल्या पाण्याने भाजलेलं, आणि ते साबणाने धुवायला हवं, असं वाटून गेलं. एवढंच. श्वास आत घेऊन बाहेर सोडायला जितका लागतो तितकाच वेळ गेला.

“नाही,” तो म्हणाला. “मुळीच नाही. तू इथेच राहशील. आमच्यात.”

“बरं,” द्रौपदी म्हणाली, आणि त्याच्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला. ती पदर खोचून मागच्या खोलीत गेली. दिवा लावला. मग ईश्वरला, अंगणात उभ्या उभ्या, कांद्याचं पोतं फरशीवरून ओढत बाहेर काढल्याचा आवाज आला.